सात जणांना एकच पत्र: श्री., सौ., श्रीमती, डॉ. कसं लिहू? (मदत हवी आहे, तातडीची)

शाईपेन
नमस्कार. आभाराचं एक पत्र आहे, सात जणांच्या नावे. तीन पुरुष, चार बायका. त्यात एक डॉक्टर, एक जोडपं. प्रत्येक नावाआधी काय लिहायचं आणि नावं कोणत्या क्रमाने घ्यायची? सुरुवातीला एकदाच 'सर्वश्री' लिहिलं तर सगळ्यांना चालतं का? पत्र उद्या सकाळी निघायलाच हवं. 'शोधून बघा' असं कृपया सांगू नका. दोन तास तेच केलंय, सगळीकडे एकाच माणसाला लिहायच्या पत्राचे नमुने आहेत.

टपालप्रेमी
एकच प्रत सगळ्यांमध्ये फिरणार की प्रत्येकाला वेगळी? कार्यालयीन की घरगुती? डॉक्टर पुरुष की बाई?

शाईपेन
सात प्रती, मजकूर तोच, वर सातही नावं. एका समितीला आहे, पण सगळी ओळखीची माणसं. डॉक्टर बाई आहेत. आता सांगा ना कोणीतरी.

आवकजावक
३० वर्षं पत्रव्यवहारच केला आहे. 'सर्वश्री' पुरुषांसाठी. पहिल्या नावाआधी एकदाच येतं, मग पुढच्या नावांना परत श्री. लावायचं नाही. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या काढून पाहा, तिथे असंच असतं. बायकांच्या नावांना स्वतंत्र 'श्रीमती'. शेवटी 'यांस' एकदाच. झालं.

रानजाई
पुरुषांसाठीच का? संस्कृतात 'श्री' हा शब्दच मुळात स्त्रीलिंगी आहे. सातही नावांना 'सर्वश्री' खुशाल लिहा.

आवकजावक
व्युत्पत्ती वेगळी, वापर वेगळा. त्या चौघींना पत्र हातात आल्यावर व्युत्पत्ती आठवणार नाही, आपल्याला पुरुषांत घातलं एवढंच दिसेल.

मुद्रितशोधक
सगळे 'श्री.' टिंब देऊन लिहीत आहेत म्हणून सांगतो. 'श्री' हा पूर्ण शब्द आहे, त्याला टिंब नको. 'श्रीयुत'चा संक्षेप म्हणून लिहीत असाल तरच टिंब. 'श्रीमती'ला तर टिंबाचा प्रश्नच येत नाही, तरी लोक देतात. डॉ., सौ., प्रा. यांना मात्र हवंच.

टपालप्रेमी
शाईपेन, डॉक्टर बाई त्या जोडप्यातल्याच का?

शाईपेन
हो. लिहिलं होतं असं वाटलं मला. नवरा डॉक्टर नाही.

टपालप्रेमी
मग सगळंच बदलतं! 'श्री. व सौ.' अजिबात लिहू नका, त्यात बाईंची पदवीही जाते आणि नावही जातं. दोघांची पूर्ण नावं लिहा: 'डॉ. अमुक' आणि 'श्री. तमुक'. समितीवर त्या स्वतःच्या अधिकारात असतील तर त्यांचं नाव आधी घ्या. नवरा-बायको दोघंही डॉक्टर असूनसुद्धा 'डॉ. व सौ.' लिहिलेल्या पत्रिका मी पाहिल्यात. वाईट वाटतं.

जुनी_वही
माझ्या मते उरलेल्या तिघींना सरळ 'सौ.' लावा. ऐकायला गोड, मानाचं. आमच्या वेळी वडिलांना 'तीर्थरूप', काकांना 'तीर्थस्वरूप', एवढा बारकावा शाळेत शिकवायचे. परक्याला 'रा. रा.', म्हणजे राजमान्य राजश्री. आताच्या मुलांना 'चि. सौ. कां.' उलगडून सांगता येत नाही.

रानजाई
पुरुषाचं लग्न झालंय की नाही हे 'श्री.' सांगत नाही. मग बाईचंच का सांगायचं?

भागीदार
कंपनीला लिहिताना 'मेसर्स' लावतात. मूळ फ्रेंच. भागीदारी पेढीलाच लावायचं असतं, लिमिटेड कंपनीला नाही, ही चूक सर्रास दिसते.

शाईपेन
कंपनी नाहीये, माणसं आहेत.
जुनी_वही, 'सौ.' मला नकोच आहे. कारण आधीच लिहायला हवं होतं. तिघींपैकी एका काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मागच्या वर्षी मी जुन्या यादीवरून पाकिटं लिहिली आणि त्यांच्या नावाआधी 'सौ.' तसंच राहिलं. पाकीट मीच हातात दिलं. त्यांनी अंगठा त्या अक्षरावर ठेवला, क्षणभर तसाच, मग पाकीट उलटं करून मांडीवर ठेवलं आणि मला पाणी विचारलं. एक शब्द बोलल्या नाहीत. हे पुन्हा माझ्या हातून व्हायला नको आहे.

जुनी_वही
अरेरे. माझा सल्ला मागे घेते. मग 'श्रीमती' लिहा.

निशिगंध
थांबा. हिंदीत 'श्रीमती' विवाहितेला लावतात, पण मराठीत आपल्या आधीच्या पिढीच्या कानाला ते विधवेचं वाटतं. दोघींना 'सौ.' आणि काकूंना एकटीला 'श्रीमती' लिहिलंत तर तेच दुखणं परत उघडं कराल. लावायचं तर तिघींना सारखं.

आवकजावक
बरोबर. आणि 'गं. भा.' कोणी सुचवायच्या आत सांगतो, ते नकोच. २०२३ मध्ये विधवांसाठी 'गंगा भागीरथी' वापरायची सूचना पुढे आली तेव्हा किती टीका झाली आठवा.

मुद्रितशोधक
'पद्मश्री' नावाआधी लिहिणंही चूक आहे, बरं का. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय की हे पुरस्कार नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत.

शाईपेन
इथे पद्मश्री कोणीच नाही!

निशिगंध
शाईपेन, काकूंना फोनच करा. 'पत्रात तुमचं नाव कसं लिहू?' एवढंच विचारा. मागच्या वर्षीचा विषय त्यांनी काढला तरच बोला.

शाईपेन
केला फोन. मागचं त्यांनी काढलं नाही, मीच माफी मागितली, राहवलं नाही. म्हणाल्या, "नुसतं नाव लिही. मी त्याच नावाने सही करते." म्हणून सातही जणांचं पूर्ण नाव, आडनावांच्या अकारविल्हे, एकाखाली एक. कोणालाही श्री नाही, सौ. नाही, श्रीमती नाही. फक्त डॉक्टरांना डॉ., ती त्यांची पदवी आहे. शेवटी एकदा 'यांस', मायना 'सप्रेम नमस्कार'. छापायला टाकलंय. टपालप्रेमी, निशिगंध, मनापासून आभार.

आवकजावक
नुसती नावं मला अजून उघडीबोडकी वाटतात, पण काकूंनीच सांगितलं म्हटल्यावर माझं काही म्हणणं नाही. पाकिटांवरही तसंच लिहा हो, तिथे परत जुनी यादी वापराल.

शाईपेन
यादीच दुरुस्त केली.