डोक्यावर गाठोडं दिसलं की कुत्रा बिथरतो, मदत हवी आहे

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. वावराकडे जायला एकच पांदण. माझा दोन वर्षांचा गावठी कुत्रा मोत्या एरवी शांत. दोरीशिवाय नेत नाही, रेबीजची लस दरवर्षी देतो. बंडी, बैल, बकऱ्या, पोरं, कशावरच भुंकत नाही. पण कापूस वेचून डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बाया दिसल्या की कान मागे, शेपटी पोटाखाली आणि जोरात भुंकणं. त्याच बाया गाठोडं खाली ठेवून बोलल्या तर हात चाटतो! काल एका मावशींचा तोल जाता जाता राहिला, बाजूला बाभळीचे काटे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला असा त्रास मला चालणार नाही.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उतरून त्याला बसवून पाहिलं. भाकरीकडे बघतही नाही. रागावलं तर आणखी बिथरतो. वेळ बदलता येत नाही, अंधारात रानडुकरं असतात. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं, दुखणं नाही.

घरीच कुणी डोक्यावर गाठोडं घेऊन लांबून सवय लावता येईल का? किती अंतरावरून सुरुवात करायची, जवळ कधी यायचं? आणि वेचणी संपेपर्यंत पांदणीवर त्याला मुसकं बांधावं, की त्यानं भीती वाढेल?