गाडीवर असताना फोन आपोआप गप्प: सगळ्यांनी लावावं का?

रामबागची_ताई

गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी सव्वासात झाले असतील. आमचे हे दुकान बंद करून स्कूटरवर निघाले होते. मी फोन केला, "येताना अर्धा किलो लौंगवाली शेव आणा." "हां, बोल," एवढं ऐकू आलं. मग हॉर्न, मग काहीतरी फरफटत गेल्याचा आवाज, आणि मग कोणीतरी अनोळखी, "भैया, उठो, उठो." फोन चालूच होता. मी इकडे हॅलो हॅलो करत होते.

हेल्मेट आणि गाल यांच्या मधे फोन खुपसून बोलायची त्यांची जुनी सवय. तो घसरायला लागला म्हणून डाव्या हाताने वर सरकवला, आणि तेवढ्यात इंदूरच्या अन्नपूर्णा रोडवरचा पाण्याने भरलेला खड्डा आला. हासळीचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात होता. मागून बस येत नव्हती म्हणून एवढ्यावर निभावलं.

चूक कोणाची यावर घरात पुष्कळ बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, त्याची. हे म्हणाले, खड्ड्याची. मला विचाराल तर अर्धी माझी. हे रोज सातला निघतात. त्या वेळी ते गाडीवर असणार हे मला ठाऊक होतं, तरी मी फोन लावला. तोही शेवेसाठी.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून फोनची सेटिंगं केली. माझ्या आयफोनमध्ये 'फोकस'च्या आत 'ड्रायव्हिंग' आहे. गाडीच्या हालचालीवरून किंवा कारच्या ब्लूटूथवरून ते आपोआप चालू होतं, आणि मेसेज करणाऱ्याला 'मी गाडी चालवत आहे' असं उत्तर जातं. ही सोय २०१७ पासून आहे, मला कळली गेल्या वर्षी. यांचा अँड्रॉइड आहे आणि स्कूटरला ब्लूटूथ नाही. म्हणून 'डू नॉट डिस्टर्ब'ला वेळच लावून टाकली: सकाळी साडेनऊ ते दहा, संध्याकाळी सात ते पावणेआठ. फक्त सासूबाईंचा नंबर वाजतो.

माझं म्हणणं असं आहे की फोन वाजल्यावर 'उचलू की नको' हे ठरवायला बसलो की आपण हरलोच. हात आपोआप जातो. ते ठरवायची वेळच येऊ नये. म्हणून प्रत्येक घरात, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हे लावलंच पाहिजे. पटत नसेल त्यांनी का ते लिहा.

स्टिअरिंगमागे_३२_वर्षं

ताई, तुमचे यजमान बरे झाले हे वाचून बरं वाटलं. पण मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो.

मी बत्तीस वर्षं बस आणि ट्रक चालवले. मानपूर ओलांडून घाट उतरायचा तर आधी ब्रेक दाबून बघायचा, हवा बघायची, आरसा पुसायचा. मोबाईल आले तेव्हा मी त्यात एक गोष्ट वाढवली: फोन थैलीत, थैली सीटमागे. क्लीनरलाही सांगून ठेवलं होतं, घाट संपेपर्यंत मला कुणाचा निरोप द्यायचा नाही. सेटिंग वगैरे काही नव्हतं. शिस्त माणसात असावी लागते. फोनने लावलेली शिस्त फोन बदलला की गेली.

१ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये पट्टा न लावल्यास बीप वाजते. लोकांनी काय केलं? बीप बंद करायची क्लिप विकत घेतली आणि पट्ट्याच्या खाचेत अडकवली. शेवटी २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन दुकानांना आदेश द्यावे लागले की त्या क्लिपा विकू नका. ज्याला पाळायचं नाही तो यंत्राला गुंडाळतोच. इथेही तेच होणार. पोरगा ते सेटिंग दोन दिवसांत बंद करेल आणि आईबाप समजत राहतील की तो सुरक्षित आहे.

पीथमपूर_अपडाउन

मी रोज इंदूर ते पीथमपूर कारने जातो. राऊच्या पुढे सगळी अवजड वाहतूक. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. फोन हातात धरायचा नाही हे शंभर टक्के मान्य. पण गप्प कशाला करायचा? माझा फोन कारच्या स्क्रीनला जोडलेला असतो, मेसेज वाचून दाखवतो, फोन आला तर स्टिअरिंगवरचं बटण दाबून बोलतो. डोळे रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर. कायदाही हेच म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने आलं ते हातात धरायच्या साधनाबद्दल आहे, १००० ते ५००० रुपये दंड किंवा कैद. आणि २०२० च्या नियमाने रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होत नसेल तर.

मी कारखान्यात शिफ्ट बघतो. उत्पादनाची लाइन बंद पडली तर मला पाऊण तास बेपत्ता राहून चालत नाही.

गणिताच्या_बाई

पीथमपूरवाले दादा, तुमच्याशीच बोलायचं आहे. डोळे आणि हात तुम्ही मोजले, डोकं मोजलं नाही.

१९९७ मध्ये टोरोंटोच्या रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनबिलं तपासली होती. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात काही फायदा झाल्याचं दिसलं नाही. कारण उघड आहे. लाइन बंद पडल्याचं ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे ती लाइन असते. समोरचा ट्रक डोळ्यांना दिसतो, पण मनात नोंदवला जात नाही.

शेजारी बसलेला माणूस बोलतो तेव्हा असं होत नाही का, असं कुणीतरी विचारणारच. तो समोरचा ट्रक बघतो आणि आपणहून गप्प होतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो प्रश्न विचारत राहतो, आणि उत्तर द्यायला उशीर झाला तर "हॅलो? ऐकू येतंय ना?" म्हणतो.

आठवीच्या वर्गात मी हे गणित मुलांना घालते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर ५० मीटर गेले. ताशी ४० ने स्कूटर चालवली तरी ३३ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या दीड खेळपट्टीहून जास्त अंतर डोळे मिटून. एकदा मुलांना मैदानावर पावलांनी ते अंतर मोजायला लावलं. मोजून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, माझे पप्पा तर आख्खा मेसेज वाचतात."

पीथमपूर_अपडाउन

बाई, तो अभ्यास जुना आहे, तेव्हाचे फोन वेगळे होते. तरी शेजाऱ्याचा मुद्दा मला लागला, खोटं कशाला बोलू. पण नकाशाचं काय? नव्या बायपासवर, सुपर कॉरिडॉरवर, अनोळखी कॉलनीत नकाशा बंद केला तर माणूस जास्त गोंधळतो, मधेच ब्रेक मारतो, उलटा फिरतो. ते कमी धोक्याचं आहे का?

जेलरोड_मोबाईल

मी जेल रोडवर मोबाईल दुरुस्तीचं काम करतो, तर थोडं आतलं सांगतो. नकाशा बंद होत नाही. 'डू नॉट डिस्टर्ब' असो की 'ड्रायव्हिंग', दोन्हीत वळणाच्या सूचना ऐकू येतात. नकाशाने रस्ता बोलून दाखवावा, पत्ता निघण्याआधी टाकावा, आणि फोन डोळ्यांच्या रेषेखाली पक्का बसवावा. मधे रस्ता बदलायचा झाला तर गाडी कडेला घ्या. एवढं केलं तर पीथमपूरवाल्या दादांची अडचण सुटते.

आता काकांचा मुद्दा. लोक बंद करतात हे खरं आहे, पण हट्टाने बंद करणारे थोडे. जास्त लोक कंटाळून बंद करतात. हालचालीवर चालणारं सेटिंग सिटी बसमध्ये बसलं तरी चालू होतं, मित्राच्या गाडीवर मागे बसलं तरी चालू होतं. 'मी गाडी चालवत नाही' असं दोनदा दाबावं लागलं की तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, "भिया, ये हटा दो." म्हणून रामबागच्या ताईंनी वेळ लावून ठेवली ते मला जास्त टिकाऊ वाटतं. कार असेल तर कारच्या ब्लूटूथवर लावा, हालचालीवर नको.

२०१६ मध्ये सॅमसंगने आपल्याकडे जे३ फोनबरोबर 'एस बाइक मोड' आणला होता. फोन करणाऱ्याला आवाज ऐकू यायचा की हा माणूस गाडी चालवतो आहे, फारच निकडीचं असेल तर १ दाबा. मला ती कल्पना सगळ्यात आवडली होती, कारण त्यात समोरच्याला विचार करावा लागायचा.

आईचं_औषधपाणी

माझी आई एकटी असते, तिला हृदयाचा त्रास आहे. माझा फोन मी एक मिनिटही गप्प ठेवणार नाही. कुणी काही म्हणो.

जेलरोड_मोबाईल

ताई, ठेवूच नका. आईचा नंबर तारांकित करा, तो वाजेल. शेजाऱ्यांनी त्यांच्या फोनवरून लावला तर? त्याचीही सोय आहे. त्याच नंबरवरून लगेच दुसरा फोन आला तर तो आत येतो. आयफोनमध्ये तीन मिनिटांच्या आत, अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांच्या आत. ते बटण चालू आहे ना एवढं बघून घ्या, आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा की लागोपाठ दोनदा लावायचा. वाजला तरी आधी गाडी थांबवायची, मग उचलायचा.

रात्रपाळी_डिलिव्हरी

सगळं वाचलं. तुम्ही सगळे घरी जाणारे लोक आहात, म्हणून हे बोलू शकता.

मी जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो, विजयनगर ते भंवरकुआं, रात्री एक-दोनपर्यंत. माझा फोन म्हणजेच माझी नोकरी. ऑर्डर पडली की स्क्रीनवर गोल फिरायला लागतो. तो पूर्ण व्हायच्या आत दाबलं नाही तर ऑर्डर दुसऱ्याला जाते. गोल फिरताना मी पलासियाच्या सिग्नलला उभा आहे की चालत्या गाडीवर, त्या अ‍ॅपला काही फरक पडत नाही. वरून गिऱ्हाइकाचा फोन, "कहाँ पहुँचे?" हॉटेलवाल्याचा फोन. परत गिऱ्हाइकाचा. एका ऑर्डरीत चार फोन होतात. न उचलल्यास तारे कमी मिळतात.

मी 'ड्रायव्हिंग' लावला तर सुरक्षित होईन आणि उपाशी राहीन. तुम्ही म्हणता ठरवायची वेळच येऊ नये. माझ्याबाबतीत ठरवतं कोण? त्या अ‍ॅपला माझा वेग माहीत असतो, मी कुठल्या गल्लीत आहे ते गिऱ्हाइकाला नकाशावर दिसतं. मग चाक फिरत असताना ऑर्डर दाखवायची नाही, थांबल्यावर दाखवायची, एवढं त्यांना जमणार नाही? सेटिंग माझ्या फोनमध्ये नको, त्यांच्याकडे हवं.

पावसात स्क्रीन ओली झाली की बोट ओळखत नाही. मग मांडीवर पुसायचं, परत दाबायचं. हे सगळं एका हाताने.

स्टिअरिंगमागे_३२_वर्षं

बाळा, तुझं वाचून मी गप्प झालो. मी थैली सीटमागे टाकू शकत होतो, कारण मालक मला घाटात फोन करत नव्हता. त्याने केला असता तरी मी उचलला नसता आणि त्याने मला काढलंही नसतं. तुला ती सवलत नाही. तुला शिस्त शिकवायचा मला हक्क नाही.

बाकीच्यांबद्दल माझं मत तेच आहे.

रामबागची_ताई

डिलिव्हरीवाले दादा, मी 'प्रत्येकाच्या फोनमध्ये' लिहिलं तेव्हा तुमचा विचार केला नव्हता. ती चूक दुरुस्त करते. कंपनीने चालत्या गाडीवर ऑर्डर दाखवू नये, ही तुमची मागणी माझ्या मागणीच्या आधी यायला हवी. आणि "कुठे पोचलात" हा फोन मीही करते. पाहुणे आले की हमखास.

काका, तुमच्याशी मात्र मी भांडणार. ऑगस्ट २०२५ मध्ये इंदूरमध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असा आदेश निघाला. पंपावर दुसऱ्याचं हेल्मेट मागून घालणारे होतेच, पण आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे नव्हतं त्यातल्या दोन घरांनी हेल्मेट विकत घेतलं, आणि ते आजही घालतात. गुंडाळणारे असतात म्हणून उरलेल्यांनाही सोडून द्यायचं का? तुमची शिस्त पक्की, कारण तुम्ही ती घाटात शिकलात. आमचे हे ती हाड मोडून शिकले. माझ्या मुलीला अठरा पूर्ण झालीत, तिला परवाना मिळेल पुढच्या महिन्यात. तिने यांतली कुठलीच वाट धरू नये असं मला वाटतं.

रात्रपाळी_डिलिव्हरी

ताई, कंपनी बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एक करा. पत्त्यात घर नंबर, मजला आणि एक खूण लिहा, मंदिर, डेअरी, काहीही. बाहेरचा दिवा लावून ठेवा. गेटपाशी आलो की मी गाडी थांबवून फोन करीन. मधे करू नका.

पीथमपूर_अपडाउन

आज शिफ्टच्या गटावर लिहून टाकलं: सव्वाआठ ते नऊ मी गाडी चालवत असतो, लाइन बंद पडली तर आधी लाइन इन्चार्जला फोन करा. बघू किती दिवस ऐकतात. मेसेज वाचून दाखवणं चालू ठेवलंय, ते मी सोडणार नाही.

स्टिअरिंगमागे_३२_वर्षं

माझं मत बदललेलं नाही. पण जेलरोडवाले, मुलाच्या फोनमध्ये ते वेळेचं कसं लावतात ते जरा सांगा. अँड्रॉइड आहे. तो रोज साडेआठला बाईकने निघतो, नऊ-सव्वानऊला पोचतो.

जेलरोड_मोबाईल

काका, सेटिंग्ज उघडा, वर शोधायच्या जागी 'डू नॉट डिस्टर्ब' लिहा, बहुतेक फोनमध्ये सापडतं. आत 'शेड्यूल' असतं. त्यात सोमवार ते शनिवार, ८.२५ ते ९.२० टाका. पाच मिनिटं आधीच लावा, किक मारताना आलेला फोनही घोटाळा करतो. मुलाला समोर बसवून लावा, लपून लावलंत तर तो काढून टाकेल. कॉलच्या यादीत फक्त तारांकित नंबर ठेवा.

आणि काका, तुमचा नंबर त्याने तारांकित केलेला असेल, तो वाजणार. तेव्हा साडेआठ ते सव्वानऊ तुम्ही त्याला फोन लावू नका.