दाराला मूठ बसवण्यासाठी कोरलेली जागा: खाच, खोबण, साल की घर?

लाकडी दारात मूठ, कुलूप किंवा बिजागरी फळीच्या अंगाबरोबर बसावी म्हणून लाकूड नेमक्या मापाने कोरून जी जागा करतात, तिला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न आला आहे. प्रश्नकर्त्यांना एका माहितीपुस्तिकेचा अनुवाद करायचा असून मुळातल्या ‘रिसेस’साठी त्यांना आतापर्यंत ‘अवकाश’ आणि ‘कोनाडा’ असे दोन शब्द सुचवले गेले आहेत. हे दोन्ही शब्द येथे चालणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘अवकाश’ वाचून कोणताही सुतार पटाशी हातात घेणार नाही. कोनाडा हा भिंतीतला. त्यात दिवा ठेवावा आणि उचलून घ्यावा, पण त्यात कोणतीही वस्तू चपखल बसून राहत नाही.

मला वाटते, एकाच शब्दाचा हट्ट येथे सोडावा. सुताराच्या हाताखाली या जागा एकसारख्या नसतात आणि मराठीत त्या प्रत्येकीला वेगळा, रुळलेला शब्द आहे.

‘खाच’ म्हणजे कडेला किंवा कोपऱ्यात घेतलेला, निदान एका बाजूने उघडा असलेला काप. बिजागरीसाठी दाराच्या कडेला जे कोरतात ती खाच, कारण बिजागरीचा गोल कणा बाहेर राहावा म्हणून ती बाजू उघडीच ठेवावी लागते. (बिजागरी आणि चावी हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आले आणि आता ते परके आहेत असे कोणाच्या मनातही येत नाही, तेव्हा कारागिरीच्या शब्दांत सोवळेओवळे पाळण्याचे कारण नाही.) खाचेची खोली बिजागरीच्या पात्याच्या जाडीइतकीच हवी. आमच्या घरच्या एका दारात ती जास्त खोल गेली होती, त्यामुळे दार लावताना झडप चौकटीवर दाबली जाऊन पुन्हा उघडत असे. शेवटी पात्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालून ती उंची भरून काढावी लागली.

‘साल’ हा शब्द लाकडाच्या जोडकामातला आहे. एका लाकडाचे कूस, म्हणजे टोकाला पुढे ठेवलेली जीभ, दुसऱ्याच्या ज्या अरुंद, खोल छिद्रात शिरते ते साल, आणि तिची रुंदी लाकडाच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश ठेवावी असा जुना ठोकताळा आहे. दाराच्या कडेतून आत शिरणाऱ्या कुलपासाठी, ज्याला बाजारात मॉर्टिस लॉक म्हणतात, पाडलेली जागा याच जातीची असते. दाराची जाडी 30 ते 35 मिलिमीटर असेल, तर छिद्राच्या दोन्ही अंगांना लाकडाची पातळ भिंतच उरते आणि पटाशी जरा तिरकी गेली तरी ती फुटते. अडचण इतकीच की सर्वसाधारण वाचकाला साल म्हटल्यावर फळाची किंवा झाडाची साल आठवते. म्हणून पुस्तिकेत हा शब्द एकटा टाकू नये, ‘कुलपासाठी कडेत पाडलेली साल’ असे पूर्ण लिहावे.

आता मूळ प्रश्नातली मूठ. सरकत्या दाराला बाहेर आलेली मूठ चालत नाही, म्हणून तिथे फळीत बुडवून बसवायची पसरट मूठ वापरतात. तिच्यासाठी चारही बाजूंनी बंद, वस्तूच्याच आकाराची जागा कोरतात, आणि तिला माझ्या मते ‘घर’ म्हणावे. शिंपी बटणाचे घर म्हणतो, सोंगटीला पटावर घर असते, चष्म्यालाही घर असते. जिथे एखादी वस्तू नेमकी जाऊन बसते ते तिचे घर, हा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे कपाटाच्या दारांना मुठी बसवणारे सुतार ‘आधी घर काढून घेतो’ असेच म्हणत होते. त्यांनी मूठ फळीवर ठेवली आणि तिच्या कडेने पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने रेघ मारली, म्हणजे वरचे तंतू आधीच कापले जातात आणि कड उसवत नाही. मग रेघेच्या थोडे आत, लाकडाच्या रेषांना आडवे असे पाच-सहा मिलिमीटरच्या अंतराने पटाशीचे घाव घातले, सुटलेले कपचे काढले, आणि रेघेपर्यंतचे शेवटचे लाकूड हातोडी बाजूला ठेवून नुसत्या हाताच्या दाबाने तासले. मूठ बसवून त्यांनी सांध्यावरून अंगठ्याचे नख फिरवले. ते कुठेही अडकले नाही. राउटर या लाकूड कोरण्याच्या यंत्राने हे काम लवकर होते, पण त्याचे पाते गोल फिरत असल्याने आतले कोपरे गोल राहतात, आणि मुठीची पट्टी चौकोनी असेल तर ते पटाशीनेच काढावे लागतात.

मग ‘खोबण’ कुठे वापरावी? खोबण म्हणजे ज्यात काही सामावते असा पोकळ खळगा. डोळा असतो तेव्हा त्या जागेला आपण खोबण म्हणतो, आणि दृष्टी गेली की डोळ्यांच्या खाचा झाल्या असे म्हणतो. या दोन शब्दांतला फरक भाषेनेच इतक्या बारकाईने जपला आहे. बुडवून बसवलेल्या मुठीत बोटे घालण्यासाठी जो खळगा असतो, तो मला खोबण वाटतो. म्हणजे एकाच ठिकाणी दोन शब्द लागतात: दारात मुठीचे घर आणि मुठीत बोटांची खोबण. हा भेद न पाळल्यास पुस्तिकेतल्या सूचना वाचताना फळी कोरायची की मूठ धरायची, याचा गोंधळ होईल.

क्रियापदेही सांभाळावीत. खाच घ्यावी किंवा पाडावी, साल पाडावी, घर काढावे किंवा कोरावे. ‘निर्माण करावे’ कुठेही लिहू नये. प्रश्नकर्त्यांनी पुस्तिकेतले मूठ बसवण्याच्या सूचनेचे जे वाक्य पाठवले आहे, त्याचा मी असा अनुवाद करीन: ‘मूठ फळीवर ठेवून तिच्या कडेने सुरीने रेघ मारा, पट्टीच्या जाडीइतके खोल घर कोरा, आणि मूठ अंगाबरोबर बसते याची खात्री झाल्यावरच स्क्रू पिळा.’