लॅसिक नको, पीआरके करा म्हणाले. केलेल्यांचे अनुभव हवेत

तिरपी_रेघ

वय २७. दोन्ही डोळ्यांना उणे ५, वर सिलिंडर, म्हणजे तिरकस नंबर, उणे १. नंबर बऱ्याच दिवसांत हललेला नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या की डोळे लाल होतात, म्हणून शेवटी लेसरने चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनचं पक्कं केलं. तपासणीत बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक कॉर्नियाची, जाडी ४८५ मायक्रॉन (अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी) निघाली आणि डॉक्टर म्हणाले, "लॅसिक बसेल, पण काठावर. मी करणार नाही. पीआरके करा."

मैत्रिणीचं लॅसिक झालं, ती दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या भिंतीवरचं घड्याळ वाचत होती. मला मात्र सांगतायत की आठवडाभर धड दिसणार नाही आणि "थोडं दुखेल". हे थोडं म्हणजे किती? दिवसभर स्क्रीनवर आकडे बघायचं काम आहे, परत कामावर कधी जाता येतं? की सरळ दुसऱ्या ठिकाणी जाऊन लॅसिक करून मोकळं व्हावं?

जाडभिंग

नाही म्हणणारा डॉक्टर मिळालाय, त्याला सोडू नका. दुसरीकडे गेलात तर "होऊन जाईल की" म्हणणारा सापडेलच, पण तो सापडणं ही काही चांगली बातमी नाही.

मी पीआरके करून घेतलेली आहे, दोन्ही डोळ्यांची एकदम. पेशाने मुद्रितशोधक, म्हणजे अनुस्वार आहे की शाईचा ठिपका हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. तेव्हा "बरं दिसतं" एवढ्यावर माझं भागत नाही, हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

आधी तुमच्या ४८५ चा हिशेब. लॅसिकमध्ये बुबुळाची एक पातळ झडप उचलतात, साधारण १०० ते १२० मायक्रॉनची, आणि तिच्या खाली लेसर मारून नंबर काढतात. तुमचे ५ आणि त्यावर सिलिंडरचा १, म्हणजे एका अक्षात ६. साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात लेसर मारायचा तर एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन जातात, म्हणजे झाले ८५ च्या आसपास. झडपेचे ११० धरा. खाली उरले २९०. निदान २५० उरलेच पाहिजेत हा जुना दंडक, पण आता बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला राजी नसतात. झडप परत बसवली की चिकटते खरी, पण तिच्यात पहिली ताकद येत नाही, म्हणून ती गेल्यातच जमा धरायची. फार पातळ पडलेलं बुबुळ पुढे हळूहळू फुगत जातं, नंबर वेडावाकडा वाढतो आणि मग चष्म्यानेही धड दिसत नाही. पीआरकेत झडपच नाही. वरचं पन्नासेक मायक्रॉनचं आवरण खरवडून काढतात, ते आपलं आपण परत येतं. तुमच्या बाबतीत खालचा मजबूत थर २९० ऐवजी ३५० च्या घरात राहील. डॉक्टर हेच सांगतायत, फक्त आकडे न सांगता. पुढच्या भेटीत तुमच्या रिपोर्टवरचे खरे आकडे मागून घ्या.

प्रत्यक्ष टेबलावर फारसं काही नाही. भूल थेंबांची. पापण्या उघड्या धरायला तारेचा चिमटा लावतात, त्याचा ताण जाणवतो. मग डोळ्यावर एक छोटी गोल कडी ठेवून तीत पातळ अल्कोहोल भरतात, थोड्या वेळाने टिपून घेतात आणि बोथट हत्याराने आवरण बाजूला सारतात. हे सगळं आतून दिसतं! समोरचा लुकलुकता दिवा पसरट होत होत नुसता उजेडाचा डाग उरतो. तुम्ही फक्त त्या डागाकडे बघत राहायचं. नजर जरा हलली तर यंत्र मागोमाग सरकतं, जास्त हलली तर थांबतं, तेव्हा "मी हललो तर काय" ही भीती सोडा. लेसर टकटक वाजतो आणि जळका वास येतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाला त्याचीच धास्ती होती, म्हणून सांगते की तिथे काही जळत नसतं. १९३ नॅनोमीटरचा तो लेसर रेणूंचे बंधच तोडतो, आजूबाजूचा भाग भाजत नाही. आयबीएममध्ये काम करणारे मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ साली सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर तो चालवून पाहिला होता, तेव्हाही कडा स्वच्छ कापल्या गेल्या आणि करपल्या नाहीत. शेवटी थंडगार पाणी सोडतात, त्यासारखं सुख नाही. धूसरपणा धरू नये म्हणून काही क्षण मिटोमायसिन या औषधाचा बोळा ठेवतात आणि वर साधी बिननंबरी लेन्स बसवतात. ती पट्टी म्हणून.

आता दुखण्याचं. "थोडं" हा शब्द मला मान्य नाही. घरी येईपर्यंत भूल असते, तोवर आपण सगळ्यांना फोन करून "काही नाही हो, सोपं आहे" सांगत असतो. रात्री ती उतरते. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी थांबत नाही, नाकही वाहतं, आणि उजेड... खोलीचं दार फटीएवढं उघडलं तरी मिटल्या पापणीतून टोचत होता. दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत वाईट. बुबुळात नसांचं जाळं फार दाट असतं आणि त्यांची टोकं उघडी पडलेली असतात, त्यामुळे हे होणारच. तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या देतात त्या वेळेवर घ्या, कळ उठायची वाट बघू नका. थेंबांच्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा, गार थेंबाने बरं वाटतं. आणि भुलीचे थेंब घरी न्यायला मागू नका. त्या वेळी कोणालाही वाटतं की ते मिळाले तर सुटलो, पण त्यांनी जखम भरत नाही आणि बुबुळ खराब होतं. ते देत नाहीत यात कंजुषी नाही.

मग एक दिवस सकाळी उठलं की दुखत नसतं. आनंद होतो, आणि त्याच दिवशी आदल्या दिवसापेक्षा वाईट दिसतं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि मी भयंकर घाबरले. कारण अगदी साधं आहे. नवं आवरण कडेकडून मध्याकडे वाढत येतं आणि बरोबर मधोमध, म्हणजे जिथून आपण बघतो तिथे, जुळतं. त्या जुळणीवर काही दिवस उंचवटा राहतो. तो सपाट व्हायला वेळ लागतो. पट्टीची लेन्स चार-पाच दिवसांनी काढतात, तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. त्यामुळे काढल्या काढल्या जादू होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

कामाचं म्हणाल तर पहिला आठवडा स्क्रीन विसरा. दुसऱ्या आठवड्यात अक्षरं मोठी करून, मधेमधे डोळे मिटून काम होतं. पण बारीक आकडे न चाचपडता वाचायला महिना-सव्वा महिना धरा, आणि अगदी कोरीव दिसायला तीन महिने. मधल्या काळात मला प्रत्येक अक्षराला फिकट जुळं भावंड दिसायचं. "न" की "त" यावर भांडण व्हायचं. ते गेलं, पण सावकाश गेलं. सुट्टी कमी असेल तर पुढे ढकला. अर्धवट डोळ्यांनी आकडे तपासण्यापेक्षा चष्मा बरा.

अर्धवट_उघडा

पीआरके फारच जुनी पद्धत झाली. स्माइल नावाची लेसरचीच दुसरी पद्धत आहे, ती करा की. झडप नाही, दोन-चार मिलिमीटरची चीर, दुसऱ्या दिवशी कामावर. माझं तसंच झालं.

कागदी_पट्टी

डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ज्या तपासण्यांचे आकडे तुम्ही लिहिताय त्या करणाऱ्यांपैकी.

स्माइल चांगलीच आहे, पण पातळ बुबुळाला तीही फुकट पडत नाही. आतून भिंगाच्या आकाराचा तुकडा काढून घेतात, तो नंबराच्या हिशेबानेच जाड असतो. काठावरच्या केसमध्ये सर्जन पृष्ठभागावरचं काम, म्हणजे पीआरके, पसंत करतात यात जुनंपुराणं काही नाही. आणि नंबर बराच मोठा असेल तर बुबुळ न घासता आत लेन्स बसवायची, म्हणजे आयसीएल, हाही मार्ग आहे. त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पुरेशी खोली लागते.

मला वेगळंच विचारायचंय. तिरपी_रेघ, तपासणीच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस बंद होत्या? मऊ लेन्स असेल तर एक ते दोन आठवडे, कडक असेल तर त्याहून बऱ्याच जास्त. लेन्सने बुबुळाचा आकार दबलेला असतो आणि त्या दबलेल्या आकारावर नंबर काढला तर लेसर इमानेइतबारे चुकीचा नंबर घालवतो. लोक "काल रात्रीच काढल्या" असं हळूच सांगतात आणि आम्हाला सगळं परत करावं लागतं.

डोळ्यांच्या कोरडेपणाची चाचणी झाली का? पापणीच्या कडेला कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात आणि ती किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात. पाचच्या खाली आलं तर आधी कोरडेपणाचा इलाज, मग पुढचं. कॉन्टॅक्ट लेन्सने डोळे लाल होतात म्हणता, तेव्हा हे बघणं आलंच. शस्त्रक्रियेत बुबुळाच्या नसा कापल्या जातात, डोळ्याला कोरडेपणा कळेनासा होतो आणि पाणी कमी सुटतं. बहुतेकांचं काही महिन्यांत रुळावर येतं. आधीच कोरडा असलेला डोळा मात्र त्रास देत राहतो.

आणि थेंब टाकून बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहिलाय ना? नसेल तर तारीख घेऊ नका.

रात्रपाळी

माझं लॅसिक. नाव घेत नाही, पण जिथे केलं तिथे एका दिवसात तपासणी, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, कागदावर सही करा, संपलं. तक्त्यावरची शेवटची ओळ मी वाचतो, म्हणून त्यांच्या लेखी मी यशस्वी केस. रात्री गाडी चालवताना समोरच्या प्रत्येक दिव्याला भलंथोरलं कडं असतं आणि त्यातून किरण फुटतात. अंधारात माझी बाहुली खूप मोठी होते हे नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी मोजून सांगितलं. आधी मोजलं होतं का, तर फाइलमध्ये तो रकाना कोरा. दिवसा सगळं उत्तम आहे, खोटं कशाला बोलू. पण मी काम रात्रीचं करतो.

कागदी_पट्टी

@रात्रपाळी, कोरा रकाना हीच खरी तक्रार आहे. अशी कडी दिसणं विरळ नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, लॅसिक झालेल्यांची पाहणी केली होती, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आधी कसलीही तक्रार नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी कडी, चकाकी, दुहेरी कडा असं काहीतरी नवीन दिसत होतं. त्याच पाहणीत ९५ टक्क्यांहून जास्त लोक समाधानी होते. दोन्ही आकडे एकत्र सांगायला हवेत, क्लिनिकमध्ये दुसराच सांगतात. एकदा उरलेला नंबर आणि कोरडेपणा तपासून घ्या. थोडा नंबर उरला असेल तर रात्रीपुरत्या चष्म्यानेही फरक पडतो.

तिरपी_रेघ

बापरे, एवढं सगळं. लेन्स तीनच दिवस बंद होत्या. कागदाची पट्टी लावली नव्हती, तेव्हा परत तपासायला जाते. पडदा पाहिला, ठीक आहे म्हणाले. जाडभिंग, आता तुम्हाला कसं दिसतं? परत करायची वेळ आली तर कराल? आणि चाळिशीनंतर चष्मा लागणारच असेल तर एवढा खटाटोप कशाला, असं आई म्हणते.

जाडभिंग

दिसतं चांगलं. सकाळी उठल्यावर डोळे कोरडे असतात, उशाशी थेंबांची बाटली असते, ती बहुधा राहीलच. एसीत बसलं की जास्त लागते. परत करेन का, तर हो, करेन. पण दोन्ही डोळ्यांची एकदम करू की नाही याचा विचार करेन. दोन्ही डोळे मिटून पडल्यावर पाण्याचा पेला उचलून द्यायलाही माणूस लागतं.

आईंचं बरोबर आहे. चाळिशी डोळ्याच्या आतल्या भिंगाला येते आणि लेसर बुबुळावर मारतात, तेव्हा जवळचा चष्मा कोणालाच चुकत नाही. उलट उणे नंबरवाले चष्मा काढून वाचतात, ती सोय जाते. माझ्यासारख्या पोटासाठी वाचणाऱ्या बाईला ती सोय जाणं थोडं लागलंच. तुम्हाला मधली तेरा-चौदा वर्षं बिनचष्म्याची हवीत की नाहीत हे तुम्हीच ठरवा, त्यात बरोबर-चूक काही नाही.

दोन गोष्टी राहिल्या. नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते. मोठ्या उणे नंबराच्या डोळ्याच्या पडद्याला जो धोका असतो तो जात नाही. अचानक ठिणग्या, काळ्या माश्यांचा थवा किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं झालं तर "माझं तर ऑपरेशन झालंय" म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि ऑपरेशनआधीचा सगळा रिपोर्ट, बुबुळाची वक्रता आणि जाडी धरून, स्वतःकडे ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की घालायच्या लेन्सचा नंबर काढताना घासलेलं बुबुळ यंत्राला चकवतं आणि जुने आकडे कामी येतात. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतात तोही घासलेल्या बुबुळावर कमी दिसतो, तेव्हा ऑपरेशन झालंय हे प्रत्येक नव्या डॉक्टरांना आपणहून सांगायचं. क्लिनिकं जागा बदलतात, बंद पडतात, तुमची फाइल तेवढी वर्षं सांभाळायला कोणी बांधील नाही. ऑपरेशनच्या दिवशीच प्रत मागून घ्या, नंतर फोन उचलत नाहीत.