मदत हवी आहे: मॅडोनाची पोर्सेलीन ताटली खरंच व्हिएन्नाची आहे का?

नमस्कार मंडळी,

मी लाइपझिगला असते. रविवारी इथल्या जुन्या बाजारातून २५ युरोंना एक ताटली आणली. गडद निळा काठ, त्यावर सोनेरी वेलबुट्टी आणि मधे इटालियन चित्रकार राफाएलची खुर्चीतली मॅडोना, म्हणजे येशूची आई मरिया: बाळाला कवटाळून बसलेली, शेजारी हात जोडलेला छोटा योहान (पुढे येशूला बाप्तिस्मा देणारा). फ्लोरेन्सच्या पिट्टी राजवाड्यातलं मूळ चित्रही गोलच आहे, त्यामुळे ताटलीत ते अगदी चपखल बसलंय.

मागे मधमाशांच्या पोळ्यासारखी निळी खूण आहे. विकणारे आजोबा म्हणाले, "व्हिएन्ना, अठरावं शतक." पण खुणेखाली 'जर्मनी' असंही छापलंय. ते कशाला? शिवाय भिंगातून चेहऱ्यावर बारीक ठिपके दिसतात.

दुसरं म्हणजे, यात खाल्लं तर चालेल का? सांगलीहून आई आली आहे. मी लिंबाचं लोणचं वाढायला घेतलं तर म्हणाली, "देवाच्या तोंडावर उष्टं?" मला शास्त्रीय कारण हवंय.

प्रतिसाद:
मागची खूण वरची बाजू खाली येईल अशी फिरवून बघा, पोळ्याची ढाल होईल. ती ऑस्ट्रियाच्या राजघराण्याची. व्हिएन्नाचा पोर्सेलीनचा कारखाना १७४४ मध्ये सरकारजमा झाला तेव्हापासूनची ती खूण. १८६४ मध्ये कारखाना बंद पडला आणि मग ज्याला हवी त्याने ती ढाल उचलली. 'जर्मनी'चं म्हणाल तर अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतरच ते सर्रास दिसू लागलं. म्हणजे आजोबांचं शतकही चुकलं आणि गावही. ठिपके असतील तर चित्र छापून चिकटवलेलं. हातचं असतं तर कुंचल्याचे फटकारे दिसले असते. पण २५ युरोंत फसलात असं मी म्हणणार नाही.

खाण्याचं मात्र आईंचं ऐका. हे रंग झिलईच्या वर कमी आचेत भाजलेले असतात, जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि आंबटाने ते सुटतं. लोणचं तर नकोच नको! सोनेरी काठामुळे मायक्रोवेव्हही नाही, डिशवॉशरही नाही.

धागाकर्ती:
दिसली ढाल! आईला शिशाचं सांगितलं तर म्हणते, "मग मी काय वेगळं सांगत होते?" आता भिंतीवर लावायची आहे. इथे स्प्रिंगची तार मिळते, पण तिचे आकडे सोन्यावर घासतील अशी भीती वाटते. कुणी आकड्यांना काही गुंडाळून लावलंय का?