मदत हवी आहे: आईचं फेरिटिन जास्त, हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

नमस्कार मंडळी, निपाणीहून लिहितोय. आई ५८ वर्षांची, उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. चार वर्षांपूर्वी सकाळची बोटं आखडायला लागली, पानं कापायची कात्री धरवेना. रूमॅटॉइड संधिवात निघाला. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा चालू आहे.

हिमोग्लोबिन दोन वर्षं ८.५ वरून हलत नाही. खारीक, गूळ-शेंगदाणे, बीट, सगळं झालं. शेजारच्या काकू रोज विचारतात, "कब्बिणद गुळिगे (कन्नडमध्ये लोहाची गोळी) घेतलीस काय गं?" आई म्हणते, "घेत्ये की, पोट तेवढं बिघडतंय."

परवाचा रिपोर्ट: फेरिटिन ३१२, ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तात वाहून नेलं जाणारं लोह) ११ टक्के, म्हणजे कमी, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन) ४६, म्हणजे जास्त. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा ना? मग कणगी भरलेली आणि चूल थंड, असं कसं?

वाचून समजलं ते असं. सुजलेल्या सांध्यातून इंटरल्युकिन-६ नावाचं निरोप देणारं प्रथिन सुटतं. त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं, आणि हेप्सिडिन नावाचं संप्रेरकही. हे हेप्सिडिन लोह बाहेर सोडणारं दार बंद करतं: आतड्याच्या पेशींचं, आणि जुन्या रक्तपेशी मोडून लोह काढणाऱ्या प्लीहेतल्या पेशींचंही. म्हणजे गोळी पोटात जाते, रक्तात फारशी उतरत नाही. बरोबर समजलोय का? मग गोळ्या बंद कराव्यात? इंटरल्युकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध घ्यावं का?

प्रतिसाद:
समज बरोबर आहे, फक्त एक भर. सुजेमुळे फेरिटिन तसंही चढतं, त्यामुळे ३१२ म्हणजे सगळा साठाच असं धरू नका. गोळ्या स्वतःहून थांबवू नका, हा रिपोर्ट घेऊन सांध्यांच्या डॉक्टरांना भेटा. सूज आटोक्यात आली की हिमोग्लोबिन बहुतेक वेळा आपोआप वर येतं. टोसिलिझुमॅबने ते चढतं हे खरं, पण त्यावर असताना सीआरपी दबलेलाच राहतो, जंतुसंसर्ग झाला तरी रिपोर्ट साधा दिसू शकतो. आधी टीबीची तपासणीही लागते. आणि मुख्य म्हणजे आई पेनकिलर किती घेतात? त्याने जठरातून रक्त झिरपू शकतं. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होतेच, त्यामुळे रंगावरून कळणार नाही. ऑकल्ट ब्लड (शौचातलं न दिसणारं रक्त) तपासून घ्या.

धागाकर्ता:
आत्ता विचारलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःच आणते म्हणे, दिवसाला दोन, कधी तीन. घरात कुणाला पत्ताच नव्हता. ऑकल्ट ब्लडसाठी डबी आणली आहे, उद्या सकाळी लॅबला देतो.