मोनिका सोच्को – फोईशोर, नालचिक २००८: दोघींकडे एकेक घोडा, मग विजय कसा?

तिरकी_चाल:
बुद्धिबळाची महिला विश्व अजिंक्यपद स्पर्धा, नालचिक (रशिया), २००८. पहिल्या फेरीचा टायब्रेक आर्मागेडनपर्यंत गेला, म्हणजे बरोबरी झाली तर काळी मोहरी पुढे जातात असा निर्णायक झटपट डाव. पोलंडच्या सोच्कोला विजयच हवा होता, रोमानियाच्या सबिना फोईशोरला बरोबरी पुरेशी होती. शेवटी पटावर राजा-घोडा विरुद्ध राजा-घोडा उरले आणि फोईशोरची वेळ संपली. पंचांनी बरोबरी दिली, सोच्कोने अपील केलं आणि निकाल फिरला. नुसत्या घोड्याने मात होत नाही हे तर शाळेतली मुलंही शिकतात. मग अपील कशाच्या आधारावर मान्य झालं? आणि सोच्कोच्या बाकी कारकिर्दीबद्दल मराठीत फारसं काही सापडत नाही, तेही कुणी सांगा.

घोडा_अडीच_घर:
फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमात 'मात जबरदस्तीने करता येते का' असा प्रश्नच नाही. वेळ संपली की डाव हरला. अपवाद एकच: नियमात बसणाऱ्या कोणत्याही खेळ्यांनी, अगदी समोरच्याने मुद्दाम वाईट खेळूनही, मात होणं अशक्य असेल तरच बरोबरी.

आता पटावर मांडून बघा. पांढरा राजा बी६, पांढरा घोडा सी७. काळा राजा ए८, काळा घोडा बी८. सी७ वरचा घोडा शह देतोय, ए७ आणि बी७ पांढऱ्या राजाने धरलेत, बी८ वर काळ्याचाच घोडा अडून बसलाय आणि तो सी७ मारू शकत नाही. मात! म्हणजे काळ्याचा घोडाच काळ्याच्या मुळावर येतो. तो पटावर नसता तर एकट्या घोड्याने मात कुठेच बसत नाही आणि डाव तिथल्या तिथे बरोबरीत संपला असता.

समोर हत्ती असला तरी हेच: पांढरा राजा सी८, घोडा बी६, काळा राजा ए८, हत्ती ए७. ही पण मात. समोर फक्त वजीर असेल तर मात्र बसत नाही.

तिरकी_चाल:
मग फोईशोरने घोडा देऊन टाकला असता तर?

घोडा_अडीच_घर:
द्यायला हरकत नाही, पण घ्यायला सोच्को कशाला जाईल? तिला विजय हवा होता, ती राजा बाजूला घेऊन खेळत राहणार. खरा उपाय म्हणजे तिचा घोडा मारणं, किंवा तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की घड्याळ थांबवून पंचांकडे बरोबरीचा दावा करणं. प्रत्येक खेळीला वाढीव सेकंद मिळत नसतील तर पन्नास खेळ्यांचा नियम (दोघांच्या पन्नास-पन्नास खेळ्यांत काही मारलं नाही, प्यादं हललं नाही तर बरोबरी) हातात येईपर्यंत वेळच उरत नाही.

पंच_कोथरूड:
वर लिहिलंय ते बरोबर. खेळाडूंसाठी दोन गोष्टी जोडतो. समोरच्याची वेळ संपली की घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा आणि निकाल पटत नसेल तर गुणपत्रिकेवर सही करू नका. सही झाल्यावर भांडणं फार अवघड जातं. अपील लेखी लागतं, त्याची मुदत आणि अनामत स्पर्धेच्या माहितीपत्रकात असते, ती आधीच वाचून ठेवा.

दुसरं, ऑनलाइन सवयीवर जाऊ नका. चेस डॉट कॉमवर अशा स्थितीत बरोबरी मिळते, लिचेसवर फिडेप्रमाणे विजय. घोळ बहुतेक इथूनच होतो.

वॉर्सा_ओपनिंग:
सोच्को म्हटलं की लोक हा एकच डाव काढतात, हे मला खटकतं. माहेरची बोब्रोव्स्का, जन्म वॉर्साचा, १९७८. पोलंडचं महिला विजेतेपद ८ वेळा, पहिलं १९९५ ला आणि शेवटचं २०१७ ला! २०१० ला रियेकात युरोपियन वैयक्तिक कांस्य. संघाबरोबर २००५ ला गोथेनबर्गमध्ये युरोपियन सुवर्ण, २००२ च्या ब्लेड ऑलिंपियाडचं कांस्य आणि २०१६ ला बाकूत रौप्य, तेही पहिल्या पटावर खेळून. पहिल्या पटावर रोज समोरच्या देशाची सगळ्यात तगडी खेळाडू येते, त्यामुळे तिथले गुण नुसते मोजून चालत नाहीत. नवरा बार्तोश सोच्को हाही ग्रँडमास्टर. २००८ ला पोलंडचं पुरुषांचं विजेतेपद त्याचं आणि महिलांचं हिचं.

तिरकी_चाल:
आणि ग्रँडमास्टर किताब? तो महिला ग्रँडमास्टरच ना?

वॉर्सा_ओपनिंग:
नाही, पूर्ण ग्रँडमास्टर. २००८ साली, पोलंडच्या महिलांमध्ये पहिली. हे अंतर मोठं आहे. महिला ग्रँडमास्टरला २३०० रेटिंग आणि २४०० कामगिरीचे नॉर्म (म्हणजे एखाद्या स्पर्धेत त्या रेटिंगच्या तोडीचा खेळ) लागतात. पूर्ण किताबाला २५०० रेटिंग आणि २६०० कामगिरीचे. प्रतिस्पर्ध्यांची सरासरी २३८० असेल तर ९ डावांत ७ गुण हवेत. २४७५ असेल तर ६ चालतात. म्हणूनच फक्त महिलांच्या स्पर्धांवर विसंबून हे नॉर्म होणं कठीण, तिथे एवढी सरासरी क्वचितच भरते. खुल्या स्पर्धांत पुरुष ग्रँडमास्टरांसमोर बसावंच लागतं.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ ला बातुमीत महिला विश्वचषक जिंकून थेट किताब घेतला, तो वेगळा नियम. तिथे नॉर्म लागत नाहीत, पण अख्खी स्पर्धा जिंकावी लागते.